मुलांचा शब्द

माझी मुलगी मार्गिट जर्मनीत, कासलला, एका विमा कंपनीत आहे. गेल्या रविवारी फोनवर सांगत होती की ऑफिसात मॉबिंगवर व्याख्यान झालं, सगळ्यांना सक्तीचं. मी म्हटलं, शाळेतल्या पोरांसाठी असतं ते, तुम्हाला कशाला? ती हसली. म्हणाली, इथे हा शब्द मोठ्यांचाच आहे, पप्पा. ऑफिसात चारजणांनी मिळून एखाद्याला नकोसं करून सोडायचं, त्याला मॉबिंग म्हणतात. पोरांसाठी निराळे शब्द आहेत.

मी फोन ठेवला आणि तसाच खुर्चीत बसून राहिलो. आमच्या गावच्या शाळेत हा शब्द आला तेव्हा तो फक्त मुलांचा होता, आणि तो मोठ्यांनी किती घट्ट मुलांच्या गळ्यात बांधून ठेवला होता ते मी पाहिलंय. मोठ्यांनाही तो लागू होतो हे गावाला कळेपर्यंत गुनवोर माल्मला त्याचा काही उपयोग उरला नव्हता.

स्वीडनच्या हेल्सिंगलांड प्रांतातलं आमचं गाव म्हणजे एक लाकडाची गिरणी, एक शाळा, आणि दोन्हींभोवती घरं. मी, हिल्डिंग, शाळेची इमारत सांभाळायचो. बॉयलर, तुंबलेली गटारं, मोडकी बाकं, सगळं माझ्या गळ्यात. स्वयंपाकघरात चार बायका होत्या: डाग्नी, सीव्ह, एल्ना आणि गुनवोर. चौघी मिळून अख्ख्या शाळेला जेवायला घालायच्या. मुख्य अशी कुणी नव्हती, पण डाग्नीने पदर बांधल्याशिवाय, म्हणजे ॲप्रन चढवल्याशिवाय, बाकीच्या गॅसला हात लावत नसत.

गुनवोर जंगलात वाढलेली. तिची आई लाकूडतोड्यांच्या तळावर स्वयंपाकीण होती, आणि गुनवोरही शाळा सुटल्या सुटल्या तिथेच रांधायला लागली. चारी बाजूंना बर्फ, एक लाकडी खोपट, वीसेक आडदांड पुरुष आणि ही पोर. तिथून तिने दोन गोष्टी आणल्या. एक म्हणजे मोजकं बोलणं. दुसरी म्हणजे आवाज. गरम भांडं घेऊन निघालं की ओरडायचं, "गरम येतंय!" आणि ज्याला ऐकू गेलं त्याने "हो" म्हणायचं आणि भिंतीला चिकटायचं. मोठ्या स्वयंपाकघरांत हा रिवाज सगळीकडे असतो, पण तिच्यासारखा कुणी पाळताना मी पाहिला नाही. तिची हाक बॉयलरच्या खोलीत मला ऐकू यायची, आणि कधीकधी मीच तिथून "हो" म्हणायचो, आणि वर चौघी हसायच्या.

लग्न तिने केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "वीसजणांना जेवायला घातलंय, एकासाठी कोण चूल पेटवेल?" रेल्वेच्या रुळांपलीकडे तिचं छोटंसं लाल घर होतं. गिरणी बायकांना घेत नव्हती, शाळेशिवाय गावात दुसरी नोकरी नव्हती, आणि गाव सोडायचा विचार तिच्या मनाला कधी शिवला नव्हता. पेन्शन लागेपर्यंत त्या स्वयंपाकघरात आपली जागा राहावी, एवढंच तिचं मागणं होतं.

मग ओकरब्लूम नावाचे नवे मुख्याध्यापक आले. तरुण, दाढीवाले, सगळ्यांशी बोलायची हौस. त्या काळात देशभर सगळ्यांनी सगळ्यांना "तू" म्हणायचं ठरलं होतं, आणि ते आम्हाला तसा आग्रहही करत, पण माझ्या जिभेला काही ते वळलं नाही. एकदा ते दुपारच्या कॉफीला स्वयंपाकघरातल्या टेबलावर येऊन बसले आणि सहज विचारल्यासारखं म्हणाले की रोज एवढं जेवण उरतं, ते जातं कुठे?

आता हे गावातल्या कुत्र्यालाही ठाऊक होतं. उरलेले बटाटे डाग्नीच्या डुकरांना जायचे, सॉसेज आणि मीटबॉल चौघींच्या घरी. कुणाचं काही बिघडत नव्हतं. असा प्रश्न आला की आमच्याकडची रीत ठरलेली आहे: सगळ्यांनी आपापल्या कपात बघायचं, कुणीतरी हवेचा विषय काढायचा, आणि विचारणाऱ्याने समजून घ्यायचं. तिघींनी कपात बघितलं. गुनवोरने मान वर केली आणि म्हणाली, "घरी जातं. मीही नेते."

कुणाचं नाव घेतलं नाही तिने. विचारलं, म्हणून सांगितलं. पण पंधरवड्यात नगरपालिकेचा हुकूम आला की उरलेलं अन्न कचऱ्यात टाकायचं, एक बटाटा बाहेर जाता कामा नये. डाग्नीने त्याच हिवाळ्यात डुकरं विकली.

त्या दिवसापासून तिघी गुनवोरशी बोलेनाशा झाल्या. भांडण नाही, शिवी नाही, टोमणासुद्धा नाही. भांडण झालं असतं तर मी पैज लावून सांगतो, आठवड्यात मिटलं असतं. आमच्याकडे लोक भांडत नाहीत, गोठवतात. ती सकाळी "गुड मॉर्निंग" म्हणायची आणि तिघी आपसात बोलत राहायच्या, मध्ये खंड न पडू देता. ती मीठ मागायची, मीठ टेबलावरच राहायचं. दर शुक्रवारी आळीपाळीने एकीने घरून केक आणायचा असं होतं. गुनवोरची पाळी आली, तिने बदामाचा केक आणला, कापून ठेवला. सीव्ह मला म्हणाली, "आम्ही सगळ्या बारीक व्हायच्या मागे आहोत, हिल्डिंग." मी तीन तुकडे खाल्ले, रागाने. बाकीचा गुनवोरने कागदात गुंडाळून परत नेला. पुढच्या पाळीला तिने पुन्हा केक आणला, आणि पुन्हा तेच झालं.

आणि त्याच हिवाळ्यात शाळेत तो शब्द आला.

येव्हले शहराहून एक बाई पडद्यावर दाखवायची चित्रं घेऊन आल्या. जर्मन लोक मॉबिंग म्हणतात, आमच्या भाषेत ते मॉबनिंग. मॉबनिंग, मुलांनो. सगळ्यांनी मिळून एकाच्या मागे लागणं. मुलांनी चित्रं काढली, वर्गावर्गांत चर्चा झाल्या, आणि महिन्याभरात पहिलीतली पोरंसुद्धा बॉल मिळाला नाही तर "हे मॉबनिंग आहे" म्हणून रडू लागली. इंग्रजी शिकवणाऱ्या लिस्बेटबाई एक वर्ष इंग्लंडात राहून आल्या होत्या. त्या म्हणायच्या की आपल्या अर्थाने हा शब्द इंग्रजांपुढे वापरला तर ते आधी आभाळात बघतील. तिकडे पक्ष्यांसाठी वापरतात. दिवसा घुबड दिसलं की आसपासची सगळी चिमणीपाखरं जमून त्याला हुसकावतात, ते. शब्द आपण त्यांच्याकडून घेतला आणि आपल्या पोरांना चिकटवला. मला ते आवडलं नाही. घुबडाने काय केलेलं असतं, असं मी विचारलं, तर त्या म्हणाल्या, काही नाही, ते नुसतं बसलेलं असतं.

जेवणाच्या हॉलमध्ये त्या विषयाचं पोस्टर डाग्नीने स्वतः लावलं. ढोंग नव्हतं ते, हे मला मुद्दाम सांगायचंय. एखादं पोर एकटं जेवताना दिसलं की ती हातातलं काम टाकून जायची, दुसऱ्या टेबलावरच्या दोघा-तिघांना उठवून त्याच्या शेजारी आणून बसवायची. मायाळू बाई होती. पाच मिनिटांनी आत येऊन गुनवोरच्या समोरून अशी जायची की तिथे भिंत आहे.

एके दिवशी मला राहवलं नाही. कॉफीच्या टेबलावर, गुनवोर कोठारात गेलेली असताना, मी सरळ म्हटलं, "आणि इथे चाललंय ते काय? ते मॉबनिंग नाही?"

एल्नाने कप खाली ठेवला. डाग्नी समजूत घातल्यासारखं बोलली. "हिल्डिंग, तो मुलांचा शब्द आहे."

"आणि आम्ही केलं काय?" सीव्ह म्हणाली. "तिला मारलं? नावं ठेवली? एक शब्द तरी बोललो असू तर सांग."

खरंच, एकही शब्द त्या बोलल्या नव्हत्या. मी जो सापडेल तो विषय काढून तिथून उठलो, आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्या कपात कॉफी ओतताना किटली थोडी आधीच थांबायला लागली. मी मुख्याध्यापकांकडेही गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दाढी खाजवली आणि म्हणाले की मोठी माणसं आपापसातलं आपापसात मिटवतात, त्यात शाळेने पडू नये.

मला भीती वाटायला लागली ती निराळ्याच गोष्टीची. गुनवोर गरम भांडं घेऊन निघाली की ओरडायची, पूर्वीसारखीच. त्या खोलीत दिवसभरात तेवढेच तिचे शब्द असायचे. सुरुवातीला तिघी "हो" म्हणायचं टाळून नुसत्या बाजूला व्हायच्या. मग बाजूला व्हायलाही वेळ लावू लागल्या. वाफाळलेलं भांडं हातभर अंतरावर येईपर्यंत पाठ वळायची नाही. मी भांडी धुण्याच्या यंत्राजवळून हे बघायचो. गुनवोर थांबायची, भांडं हातात तोलून उभी राहायची, पुन्हा ओरडायची. डाग्नी सगळ्यात शेवटी हलायची, आणि तेही कुठलंसं दुसरं काम आठवल्यासारखी.

मी गुनवोरला म्हटलं, "ओरडू नकोस, सरळ नाव घेऊन सांग. डाग्नी, सरक, म्हण." ती म्हणाली, "नाव घेतलेलं तिला आवडत नाही, हिल्डिंग." मग हात पुसत राहिली आणि मला विचारलं की माझा आवाज बसलाय का रे. मी म्हटलं, छे, तुझा आवाज स्टेशनपर्यंत जातो. तिने मान हलवली, पण पटल्यासारखी दिसली नाही.

गुरुवार होता. आमच्याकडे गुरुवारी वाटाण्याचं सूप आणि पॅनकेक, सगळ्या देशात तेच. स्वयंपाकघरातून हॉलकडे जायला एक अरुंद बोळ होता, त्याला उंबऱ्यापाशी उतार. मोठ्या भांड्यातलं सूप ट्रॉलीवर घालून तिथून न्यावं लागायचं, आणि एकदा का ट्रॉली उताराला लागली की ती थांबवणं कुणाच्या बापाला जमायचं नाही. म्हणून तर बोळाच्या तोंडाशीच ओरडायचं. डाग्नी पॅनकेकचा ट्रे घेऊन उताराच्या खाली पाठमोरी उभी होती, तिच्या समोर हॉलच्या दारात सीव्ह आणि एल्ना. मी धुण्याच्या यंत्राचा पट्टा बसवत होतो. गुनवोर ओरडली, "गरम येतंय!" थांबली. पुन्हा ओरडली. डाग्नीचं एक पाऊल उचललेलं मी पाहिलं, ती निघतेय असं मला वाटलं, गुनवोरलाही वाटलं असणार. ट्रॉली उताराला लागली. ते पाऊल होतं तिथेच परत टेकलं.

सूप डाग्नीच्या कमरेपासून खाली गेलं. दाट असतं ते, चिकटून बसतं. सीव्ह आणि एल्ना जागच्या जागी खिळल्या. गुनवोरने पाण्याची नळी ओढली, गार पाणी सोडलं, कात्रीने मोजे कापले, आणि मला म्हणाली, "डॉक्टर." फोन करून मी परत आलो तेव्हा ती ओल्या फरशीवर बसली होती, डाग्नीचं डोकं तिच्या मांडीवर होतं, आणि डाग्नीने तिची बाही घट्ट धरली होती. ॲम्ब्युलन्स आली तेव्हा एल्नाने ती बोटं एकेक करून सोडवली.

चौकशी मुख्याध्यापकांच्या खोलीत झाली. सीव्ह म्हणाली, हाक मारली नाही. एल्ना म्हणाली, हाक मारली नाही. मी म्हटलं की दोनदा मारली, मी माझ्या कानांनी ऐकली. तेव्हा सीव्ह शांतपणे म्हणाली की हिल्डिंग धुण्याच्या यंत्राजवळ होता आणि यंत्र चालू होतं. यंत्र बंद होतं. पट्टा उतरवलेला असताना ते चालेल कसं? पण दोघींनी ते चालू होतं म्हटलं, म्हणजे ते चालू होतं.

ओकरब्लूम साहेबांनी घसा साफ केला आणि जरा ओशाळून विचारलं की इथे आधीपासून काही, म्हणजे मॉबनिंगसारखं काही, चाललं होतं का. एल्नाचा चेहरा लाल झाला. ती म्हणाली की आम्ही बायामाणसं आहोत, शाळेतली पोरं नाही. साहेबांनी माफी मागितली. मी बघत राहिलो. माफी मागितली त्यांनी, गुनवोरसमोर, त्या दोघींची.

मग ते गुनवोरकडे वळले. "तू काय म्हणतेस?"

"मी ओरडले," गुनवोर म्हणाली. आणि थोड्या वेळाने, मांडीवरच्या हातांकडे बघत, "ओरडले असणार. मी नेहमी ओरडते."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, डाग्नीचं म्हणणं आल्यावर ठरवू. लागलंय तिला, ऐकलं की नाही हे तिलाच माहीत.

मी शनिवारी बस पकडून जिल्ह्याच्या हॉस्पिटलात गेलो. मला खात्री होती. त्या फरशीवर तिने धरलेली बाही मी पाहिली होती. डाग्नी पालथी झोपली होती, कमरेवर पांघरुणाची कमान केलेली, चेहरा उशीत अर्धा बुडालेला. शेजारच्या टेबलावर केकचा डबा होता. सीव्ह आणि एल्ना रोज येतात, म्हणाली.

मी विचारलं, "डाग्नी, ऐकलं होतंस ना?"

तिने चेहरा उशीत आणखी खुपसला. मला वाटलं, आता मलाही गोठवणार. मग म्हणाली, "ऐकलं. न ऐकायला ती काय हळू ओरडते?"

"मग सरकली का नाहीस?"

"सरकणारच होते. पाय उचललासुद्धा. पण सीव्ह बघत होती." तिने डोळे मिटले. "सरकले असते तर ते तिला उत्तर दिल्यासारखं झालं असतं."

मी म्हटलं की हे एवढंच साहेबांना सांग, बाई. तेवढ्यावर गुनवोरची जागा राहते. ती म्हणाली की तुझं काय जातंय, तू बॉयलरपाशी बसतोस. "मला परत त्या टेबलावर बसायचंय, हिल्डिंग. त्या दोघी आहेत तिथे. आता मी तसं बोलले, तर उद्या चौथी खुर्ची कुणाची?"

गावातली सगळ्यात दणकट बाई, आणि ती त्या टेबलाला घाबरत होती. मी तिच्यावर ओरडलो, नर्स आली, आणि मला बाहेर काढलं. पुढच्या आठवड्यात तिचं म्हणणं आलं: हाक ऐकू आली नाही. साहेबांना मी हॉस्पिटलातलं सगळं सांगितलं. ते म्हणाले, सहीचा कागद एक आहे आणि तुझं म्हणणं दुसरं, मी काय करू? गुनवोरला दोष द्यायचा नाही असं ठरलं. नुसतं इतकंच ठरलं की स्वयंपाकघरात तिने आता येऊ नये, सगळ्यांच्या मनःशांतीसाठी. तिच्या वयाच्या बाईला जंगल खात्यात आणि गिरणीत कुणी घेणार नव्हतं, हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं.

तिच्या सुऱ्या आणि ॲप्रन मी घेऊन गेलो. रुळांपलीकडच्या त्या लाल घरात ती टेबलापाशी बसली होती, आणि तिने कॉफी मांडलेली होती, दोन कप. मी येणार हे तिला कसं कळलं, मला माहीत नाही. कदाचित रोजच मांडत असेल. निकाल तिला कळला होता. मी कामाचं, पेन्शनचं, युनियनचं काहीबाही बोलत राहिलो, अपील करू म्हणालो, आवाज चढवला, साहेबांच्या दाढीला शिव्या घातल्या. ती खिडकीबाहेर बघत होती. ऐकत होती की नाही कोण जाणे.

शेवटी मी तिला हॉस्पिटलातलं सांगितलं. सांगावं की नाही, हे ठरवत आठवडाभर फिरलो होतो, कारण माणसाला जाणूनबुजून इतकं तोडलं गेलं हे ऐकून कुणाचं भलं होणार? पण सांगितलं. डाग्नीचा शब्दन् शब्द.

गुनवोरने माझ्याकडे वळून बघितलं. गेल्या कित्येक महिन्यांत तिचा चेहरा इतका मोकळा मी पाहिला नव्हता.

"म्हणजे," तिने विचारलं, "माझा आवाज येत होता?"